पावणेसहाची सुट्टी

गेल्या वर्षी एका संमेलनाच्या परिसंवादात आमचे एक ज्येष्ठ लेखक मोठ्या तळमळीने बोलत होते. विषय होता, मुस्लिम मराठी साहित्याची पुढची पिढी कुठे आहे? त्यांचे म्हणणे असे की, आम्ही कंदिलाच्या उजेडात लिहिले, उपाशीपोटी लिहिले, घरच्यांच्या शिव्या खात लिहिले. आजच्या पोरांना शिक्षण मिळाले, बरे पगार मिळाले, दारात गाड्या आल्या, पण लिहायला मात्र नको. मराठीचे प्रेम आटले, समाजाची कळकळ आटली. टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो आणि खरे सांगायचे तर झोपलो होतो. शेजारच्याने कोपर मारले तेव्हा टाळ्या ऐकू आल्या म्हणून मीही वाजवल्या. भाषणात काय होते ते मला चहाच्या वेळी कळले.

त्या टाळ्या मी आज परत घेतो आहे. नवी पिढी लिहीत नाही हे खरे. पण तिला प्रेम नाही म्हणून ती लिहीत नाही, हे साफ खोटे. तिच्याकडे संध्याकाळ नाही. हे आपण व्यासपीठावरून कबूल करत नाही तोवर हा परिसंवाद दर वर्षी घ्यावा लागेल आणि दर वर्षी तेच चार लोक त्यात बोलतील.

मी मुळशी तालुक्यातल्या नेरे गावात राहतो. हिंजवडीच्या राजीव गांधी आयटी पार्कला खेटूनच म्हणा ना. मारुंजी, जांबे, सांगवडे ही शेजारची गावे, पलीकडे कासारसाईचे धरण आणि त्याच अंगाला दारुंबऱ्याचा साखर कारखाना. हा कारखाना खरे तर हिंजवडीत व्हायचा होता. त्याच्या भूमिपूजनाला आलेल्या शरद पवारांनी, इथे आयटी पार्क करू, कारखाना दुसरीकडे न्या, असे सांगितले. ही हकिगत ते स्वतःच भाषणांतून सांगत आले आहेत. एका कार्यक्रमात उसाचा शिवार संगणकाचा झाला. नेऱ्यात अजून भातखाचरे आहेत आणि खाचरांच्या बांधाला लागून उंच इमारती आहेत. त्यातल्या एका इमारतीत सातव्या मजल्यावर माझे घर आहे. पाणी टँकरचे. कंपनी पाच-सहा किलोमीटरवर, पण पावसाळ्यात तेवढ्यालाच तास जातो. याच मुळशी तालुक्याने १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणात जाणाऱ्या जमिनींसाठी सत्याग्रह केला होता. जमीन जाते तेव्हा माणसाला दिसते. वेळ जातो तेव्हा दिसत नाही, म्हणून त्यासाठी कोणी रस्त्यावर बसत नाही.

माझे काम काय? युरोपातल्या एका कंपनीच्या गोदाम कामगारांची हजेरी तपासायची आणि त्यांचा पगार काढायचा. त्यांच्याकडे कायदा असा आहे की, एका दिवसाचे काम संपल्यावर दुसऱ्या दिवशीचे सुरू होईपर्यंत सलग अकरा तासांची विश्रांती मिळाली पाहिजे आणि आठवड्याचे काम सरासरी अठ्ठेचाळीस तासांच्या वर जाता कामा नये. एखाद्या कामगाराची विश्रांती दहा तास पन्नास मिनिटे भरली, तर माझ्या पडद्यावर ती ओळ लाल होते. मग मी चौकशीचा मेल पाठवतो. तो मेल मी रात्री साडेअकराला पाठवतो आणि सकाळी साडेआठला माझी पहिली मीटिंग असते. माझी ओळ कुठेच लाल होत नाही. समुद्रापलीकडच्या माणसाची दहा मिनिटे मी मोजतो, पण माझे तास मोजणारा कोणी नाही. बारा वर्षे हे काम केले. त्यातला विनोद माझ्या लक्षात यायला नऊ वर्षे लागली, कारण विनोद कळायलाही थोडी झोप लागते.

माझे अब्बा बार्शीच्या नगरपालिकेत कारकून होते. बार्शी म्हणजे शाहीर अमर शेखांचे गाव, तेव्हा आमच्या मोहल्ल्यात कवितेला कोणी येडपटपणा म्हणत नसे. अब्बांचा पगार मी आज सांगितला तर माझी मुलगी हसेल. पण पावणेसहाला दप्तर बंद व्हायचे. सहाला अब्बा घरी. हातपाय धुऊन मगरीबची नमाज, मग ओट्यावर चहा. त्यानंतर मोहल्ल्यातल्या लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, कोणाच्या सौदीतल्या पोराला पत्र लिहायचे, आणि सगळे पांगले की स्वतःची वही काढायची. “दप्तर बंद हुया की अपन राजा,” असे ते म्हणत. साहेब खडूस होता, वरिष्ठांनी त्यांची बढती दोनदा डावलली होती, चहाच्या कपावरूनही कधीकधी पाणउतारा व्हायचा. सगळे होते. पण हे सगळे पावणेसहाला कुलुपात बंद व्हायचे. साहेब खिशात बसून घरी येत नव्हता.

मराठी साहित्याचा इतिहास आपण प्रवाह, वाद आणि चळवळी यांनी सांगतो. एकदा तो सुट्टीच्या घंटेने सांगून पाहावा. शिक्षक, प्राध्यापक, बँकेतले लोक, पोस्टातले लोक, सचिवालयातले कारकून यांनी हे साहित्य मोठ्या प्रमाणात लिहिले. नारायण सुर्वे गिरणीत होते, मग मुंबई महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले, पुढे शिक्षक झाले आणि १९९५ साली परभणीच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. डॉ. यू. म. पठाण विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते, १९९० साली पुण्याच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या कोणत्याही संमेलनाची कार्यक्रमपत्रिका काढून पाहा. निम्म्याहून अधिक नावांमागे शाळा किंवा महाविद्यालय सापडेल. जिल्हा परिषदेचा मास्तर नसता तर आपली चळवळ उभी राहिली नसती, हे मी आदराने म्हणतो. मास्तरांच्या कष्टांना कमी लेखत नाही, पण त्यांना दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी होती. ती सुट्टी आपल्या साहित्याची मूक आश्रयदाती आहे, तिचे आभार कोणी कधी मानले नाहीत.

आता आपल्या मुलांकडे पाहा. मास्तरकीची भरती वर्षानुवर्षे अडकलेली. पोरे हिंजवडीत, खराडीत, नवी मुंबईत. कोणी रात्रपाळीला फोन घेतो, कोणी दुचाकीवरून जेवणाची पाकिटे पोचवतो, कोणी माझ्यासारखा परक्याच्या हजेरीची बेरीज करतो. ही मुले वाचत नाहीत असे नाही. कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर कविता वाचणारी, चार ओळी लिहून पुसून टाकणारी मुले मी स्वतः पाहिली आहेत. त्यांना आपण व्यासपीठावरून कृतघ्न म्हणतो.

या तक्रारीवर मला दोन उत्तरे ठरलेली मिळतात.

पहिले उत्तर असे की, मोठे लेखक नोकरी करूनच मोठे झाले, काफ्काचे बघा. काफ्काचे अवश्य बघू या. प्राग शहरात कामगार अपघात विमा संस्थेत तो १९०८ साली लागला. काम कंटाळवाणे होते, तो वैतागायचा, डायऱ्यांत आणि पत्रांत त्याने त्या वैतागाचे डोंगर रचले आहेत. हे सगळे आम्हाला ऐकवले जाते. पण त्याचे ऑफिस दुपारी दोनला सुटायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. दोनला! तो घरी येऊन जेवायचा, झोपायचा, फिरून यायचा आणि रात्री लिहायला बसायचा. एवढे असूनही क्षयाने त्याला गाठले. १९२२ साली नोकरी सुटली आणि १९२४ साली तो गेला. टी. एस. एलियट लंडनच्या लॉइड्स बँकेत होता. १९२१ साली तो मनाने पार कोसळला, तेव्हा बँकेने त्याला तीन महिन्यांची रजा दिली. जी कविता शिकवत आपले प्राध्यापक निवृत्त झाले, तिचा बराच भाग त्या रजेत लिहिला गेला. रजा मिळाली म्हणून. आमच्याकडे आजारपणाची रजा मागितली तर लॅपटॉप सोबत ठेवा म्हणतात.

दुसरे उत्तर त्याहून धोक्याचे आहे. ते म्हणते, एवढा त्रास असेल तर नोकरीला लाथ मारा, कलावंताने गुलामी कशाला करावी? असे म्हणणारे मग मिर्झा गालिबचा किस्सा सांगतात. दिल्ली कॉलेजात फारसी शिकवायची नोकरी चालून आली होती, गालिब पालखीतून गेले, साहेब स्वागताला बाहेर आला नाही म्हणून पालखी तशीच परत फिरवली. किस्सा सुंदर आहे, मुशायऱ्यात हमखास वाहवा मिळवतो. पण गालिबना महिना साडेबासष्ट रुपयांची पेन्शन होती आणि ती वाढवून घेण्यासाठी हेच स्वाभिमानी मिर्झा कलकत्त्यापर्यंत खेटे घालून आले होते. पालखी परत फिरवायला आधी पालखी असावी लागते. आमच्या घरातला मी पहिला पगारदार पदवीधर. माझ्या पगारात अब्बांचे औषध आहे, बहिणीच्या लग्नाच्या कर्जाचा हप्ता आहे, घराचा हप्ता आहे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने देशाला आकडे दाखवले. लोकसंख्येत तेरा टक्क्यांवर असलेले मुसलमान प्रशासकीय सेवेत ३ टक्के आणि पोलीस सेवेत ४ टक्के. ज्या समाजात ठरावीक तारखेचा पगार अजूनही नवलाईची गोष्ट आहे, त्या समाजातल्या तरुणाला नोकरी सोडून लिही म्हणणे हा क्रूरपणा आहे. आणि हा सल्ला देणारे स्वतः पेन्शनवर असतात, हे मी वारंवार पाहिले आहे.

म्हणून माझे भांडण नोकरीशी नाही, नोकरीच्या घड्याळाशी आहे.

महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे. त्यात दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी मर्यादा घातली. वाचायला छान वाटते. पण जो व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावर आहे त्याला हा कायदा लागू नाही, असेही त्यातच लिहिले आहे. आता आयटी पार्कमधली पदनामे आठवा. लीड, सीनियर लीड, असिस्टंट मॅनेजर. मला लीड केले तेव्हा घरी शीरखुर्मा झाला होता. माझ्या हाताखाली माणूस एकही नव्हता. हाताखाली आला तो फक्त माझा स्वतःचा वेळ, आणि तोही कंपनीच्या. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी नऊ तासांचे दहा तास करायला मंजुरी दिली. त्याआधी २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे म्हणाले, आणि जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका बड्या कंपनीच्या अध्यक्षांची मजल नव्वद तासांपर्यंत गेली. रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असाही त्यांचा सवाल होता.

त्या रविवारबद्दल एक सांगायला हवे. तो आपल्याला साहेबाने दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना उभे करून १० जून १८९० रोजी तो मिळवला. आपली संमेलने, कविसंमेलने, प्रकाशन समारंभ सगळे रविवारीच होतात. लोखंडे यांचे नाव मी आजवर एकाही आभारप्रदर्शनात ऐकलेले नाही.

आमच्याच बारामती मतदारसंघाच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी, कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून २०१८ साली लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते, २०२५ मध्ये पुन्हा मांडले. खासगी विधेयकांचे सहसा जे होते तेच पहिल्याचे झाले. पण आपल्या एका तरी संमेलनाने त्याच्या पाठिंब्याचा ठराव केला का? आपण ठराव करतो ते सभागृहाला कोणाचे नाव द्यावे याचे.

आणि २०२४ सालचे ते पत्र. पुण्यातल्या एका बड्या लेखापरीक्षण कंपनीत लागलेली सव्वीस वर्षांची सनदी लेखापाल मुलगी चारच महिन्यांत, जुलैमध्ये गेली. सप्टेंबरात तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखाला लिहिलेले पत्र सगळ्यांनी वाचले. मुलीला रात्र रात्र काम होते, घरी येऊन ती कपडेही न बदलता अंथरुणावर पडायची, असे त्या आईने लिहिले होते. कंपनीने आरोप मानला नाही. ते पत्र मी कंपनीच्या बसमध्ये वाचले. बसमध्ये तेव्हा एकोणीस माणसे होती आणि सतरा झोपलेली होती.

आता थोडे स्वतःचे. मी रात्री साडेअकराला काम संपवून दोनपर्यंत लिहीत असे. सहा वर्षे. तुम्ही याच पानांवर माझ्या ज्या दोन कथा वाचल्या त्या अशाच लिहिल्या. एका संपादकांनी माझ्या परिचयात ‘नोकरीच्या रगाड्यात रात्री जागून लिहिणारा लेखक’ असे छापले, ते मी कापून पाकिटात ठेवले होते. पाकिटातला तो कागद आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची पहिली चिठ्ठी एकाच वर्षातली. दाब १६०, खालचा ११०. वाकडच्या डॉक्टरांनी विचारले, झोपता किती? म्हटले, चार-साडेचार तास. त्यांनी विचारले, ऑफिसचे काम असते का एवढे? मी अभिमानाने म्हणालो, नाही, मी लेखक आहे. त्यांनी चिठ्ठीवरून मान वर केली नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मी नंतर वाचला. आठवड्याला पंचावन्न तासांहून अधिक काम करणाऱ्यांना, पस्तीस ते चाळीस तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त. २०१६ या एका वर्षात जगभर अशा कामामुळे सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे दगावली असा त्यांचा अंदाज होता. त्यात रात्री दोनपर्यंत कथा लिहिणारे वेगळे मोजलेले नाहीत.

आपल्याला लेखकाचे हाल आवडतात, हे मला कडवटपणे म्हणायचे आहे. अण्णाभाऊ साठे १९६९ साली अठ्ठेचाळीसाव्या वर्षी गरिबीत गेले. हमीद दलवाई १९७७ साली मूत्रपिंडे निकामी होऊन चव्वेचाळीसाव्या वर्षी गेले. त्यांच्या विचारांबद्दल या पानांवर मतभेद आहेत आणि राहोत, पण ‘इंधन’ लिहिणारा कादंबरीकार आपण अर्ध्यावर गमावला, याबद्दल मतभेद नसावा. मर्ढेकर आकाशवाणीची नोकरी करता करता सेहेचाळीसाव्या वर्षी गेले. या वयांवर आपण हळहळतो, स्मृतिदिन करतो आणि त्याच सभेत नव्या लेखकाला सांगतो, त्याग केल्याशिवाय लेखन होत नाही. मेलेल्याचे वय आपल्याला दागिन्यासारखे वाटू लागले आहे.

आपल्या दीनमध्ये तर यावर स्पष्ट सांगणे आहे. अब्दुल्ला बिन अम्र हे सहाबी दिवसभर रोजे आणि रात्रभर नमाज करत, तेव्हा हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी त्यांना रोखले आणि शरीराचा, डोळ्यांचा, पत्नीचाही तुमच्यावर हक्क आहे याची जाणीव दिली, हे बुखारी शरीफमध्ये आहे. जिथे इबादतीसाठीही रात्र रात्र शरीर जाळायला मनाई झाली, तिथे माझी कथा कोण लागून गेली?

पत्नीचा हक्क. या मुद्द्यावर मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही. माझी बायको बार्शीच्या कॉलेजात असताना नियतकालिकात कथा लिहायची. मी तिला पहिल्यांदा पाहिले ते त्या अंकातल्या फोटोत. लग्नाला चौदा वर्षे झाली, तिने एक कथा लिहिली नाही. सकाळी मुलीचा डबा, मग तिची खासगी शाळेतली नोकरी, मग स्वयंपाक, अब्बांचे पथ्य, टँकरवाल्याला फोन, रात्री माझे ताट झाकून ठेवणे. मी दोन वाजेपर्यंत लिहीत होतो ते दोन-अडीच तास मी झोपेतून काढतो असे मला वाटायचे. झोपेतून थोडेच निघाले, बाकी तिच्यातून निघाले. रविवारी मी दुपारपर्यंत झोपायचो आणि घर ती ओढायची. रात्री ती दारात येऊन एवढेच म्हणायची, “सोनेका हाय क्या नई?” ते मला माझ्या साहित्यावरचे आक्रमण वाटे. मी त्यावर एक कविताही केली होती, आणि माझ्या दुर्दैवाने ती छापूनही आली.

ऑफिसातल्या अपमानांची यादी मी देणार नाही. शुक्रवारी जुम्म्यासाठी पाऊण तास मागताना वापरावा लागणारा आवाज, सलग दोन वर्षे मूल्यमापनात मिळालेला ‘समाधानकारक’ हा शेरा, दंगलीची बातमी आली की टेबलाभोवती पसरणारी ती शांतता, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. एक प्रसंग मात्र सांगतो. माझी कथा आलेला वार्षिकांक टेबलावर होता. वरिष्ठांनी उचलला, चाळला, परत ठेवला आणि हसत म्हणाले, “म्हणजे तुझ्याकडे वेळ आहे तर.” पुढच्या सोमवारी आणखी एका गोदामाची हजेरी माझ्याकडे आली.

त्या रागाने माझ्या लेखनाचे काय केले ते जास्त महत्त्वाचे. वर्षभर मी जे लिहिले त्यात तो माणूस होता. सावकार लिहिला तरी त्याला त्याच्यासारखा चष्मा, मुतवल्ली लिहिला तरी त्याचेच हसू. बार्शीतल्या एका रफूगराची कथा मनात सहा वर्षे होती, तीत कापड विणले जाण्याऐवजी हजेरीपत्रके येऊ लागली. वैतागातून साहित्य जन्मते असे आपण म्हणतो. माझ्या अनुभवात वैतागातून तक्रारअर्ज जन्मतो. तो अर्ज रात्री दीड वाजता फार सुंदर वाटतो.

याच काळात आमच्या कंपनीत एचआर विभागाने ‘कामकाज आणि जीवन यांचा समतोल’ या विषयावर व्याख्यान ठेवले. ठेवले शनिवारी सकाळी, सुट्टीच्या दिवशी, हजेरी सक्तीची. वक्त्याने दीर्घ श्वास घ्यायला शिकवले. मला समतोल या शब्दाचीच तेव्हापासून शिसारी आहे. अब्बांना सूरह रहमान तोंडपाठ होती. त्यातला मीजान म्हणजे तराजू, आणि हुकूम आहे तो मापात खोट न करण्याचा. तराजू धरणाऱ्याला तो हुकूम आहे. आमच्या व्याख्यानात तराजू दुसऱ्याच्या हातात होता आणि श्वास मात्र आम्हाला घ्यायला लावत होते.

मी काय केले? फार शूर असे काही नाही. दीड वर्षापूर्वी लीड हे पद परत केले. अर्ज वाचून एचआरच्या बाईंना वाटले की मी इंग्रजी चुकीचे लिहिले आहे. पगार महिना अकरा हजारांनी कमी झाला. गाडी विकली, मुलीचा एक क्लास बंद केला, तिने आठवडाभर अबोला धरला. मला हे जमले, कारण बायकोचा पगार आहे आणि बार्शीचे घर अजून नावावर आहे. ज्याला हे जमणार नाही अशा माणसाला मी माझे उदाहरण देणार नाही. पद गेल्यावर मी कायद्यात बसलो. साडेसहाला निघतो. आयटी कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेचा सभासद झालो, तिच्या बैठकीत आमच्या कंपनीतला मी एकटाच असतो. मंगळवारची आणि शुक्रवारची संध्याकाळ बायकोची आहे, त्या दिवशी स्वयंपाक मी करतो. माझे सालन मुलीला आवडत नाही.

आता संपादकांना आणि संयोजकांना, आपलेच घर म्हणून बोलतो. हा परिच्छेद ते ठेवतील की नाही मला माहीत नाही. आपले वार्षिकांक, मुखपृष्ठाच्या चित्रकाराला पैसे देतात, छपाईवाल्याला देतात, पोस्टाला देतात. लेखकाला अंकाची एक प्रत देतात आणि सोबत वर्गणीची पावती पाठवतात. दोनशे रुपये द्या. आकडा मोठा नाही, पण लेखन हे काम आहे हे निदान आपण तरी मान्य केले असे होईल. बहुतेक जमातखाने लग्नाचा हंगाम सोडला की आठवडाभर कुलपात असतात. त्यातली एक खोली, एक टेबल, एक पंखा संध्याकाळी लिहिणाऱ्या पोरापोरींसाठी उघडी ठेवा, पोरींसाठी आधी. संमेलनाचे ठराव करताना कामाच्या तासांचा एक ठराव करा. आणि लेखकाचा परिचय छापताना तो रात्री किती वाजेपर्यंत जागतो हे कृपया छापू नका.

त्या ज्येष्ठ लेखकांना मी नंतर भेटलो. माणूस प्रेमळ आहे. त्यांनी विचारले, कथा कधी देतोस? मी म्हटले, गुरुजी, तुम्ही कंदिलाच्या उजेडात लिहिलेत हे खरे, पण कंदील लावायला तुम्ही किती वाजता बसत होतात? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, सातला. शाळा पाचला सुटायची ना.

रफूगराची कथा चौदाव्या पानावर आहे, या अंकात ती येणार नाही, म्हणून हे पाठवतो आहे. आज शुक्रवार. बायको जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसली आहे, काय लिहिते ते मी विचारलेले नाही. मला कांदे चिरायचे आहेत.